तासात सापडलेले नाव : ‘जॉर्ज’ या व्यक्तिनामाचा अर्थ आणि इतिहास

विशेषनामाला अर्थ असतो की नसतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जितका जुना आहे तितकाच तो साहित्यसमीक्षेत दुर्लक्षित राहिला आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’ (१८४३) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, विशेषनाम व्यक्तीचा किंवा वस्तूचा केवळ निर्देश करते. तिच्याविषयी काही सांगत नाही. यासाठी त्याने दिलेले उदाहरण डार्टमथ या गावाचे आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून गावाला हे नाव पडले असेल; पण उद्या वाळूने नदीचे मुख बुजले किंवा भूकंपाने तिचे पात्र सरकले, तरी गावाचे नाव बदलावे लागणार नाही. समीक्षेतील रूढ सवय याच्या नेमकी उलट आहे. पात्राचे नाव दिसले की कोश उघडावयाचा, मूळ धातू शोधावयाचा आणि पात्राचा स्वभाव त्या धातूत आधीच साठवलेला होता असे दाखवून मोकळे व्हावयाचे. मिलच्या मते नाव मुके आहे, तर या सवयीच्या मते ते सदासर्वकाळ बोलते आहे. नाव कोणत्या काळी, कोणत्या कानांना, काय ऐकू येते, हा तिसरा आणि खरा ऐतिहासिक प्रश्न दोन्ही पक्षांच्या हातून निसटतो.

व्यवसायवाचक नावे ही या प्रश्नाची कसोटी ठरतात. गुणवाचक किंवा देवतावाचक नावात एखादी अमूर्त कल्पना दडलेली असते. व्यवसायवाचक नावात माणसांचा एक वर्ग, त्यांचे श्रम आणि त्या श्रमांना समाजाने दिलेली किंमत दडलेली असते. यास्काच्या ‘निरुक्ता’त या प्रश्नाला हात घातलेला आढळतो. सर्व नामे धातूंपासून निघाली आहेत, या शाकटायनाच्या मताला गार्ग्याचा आक्षेप असा की, तसे असते तर जो जो ती क्रिया करतो त्या प्रत्येकाला ते नाव मिळावयास हवे होते. यास्काचे उत्तर व्यवहाराकडे बोट दाखविणारे आहे. समान कर्म करणाऱ्यांपैकी काहींनाच नाव मिळते, इतरांना मिळत नाही, असे तो म्हणतो, आणि त्यासाठी त्याने दिलेल्या उदाहरणांत पहिले ‘तक्षन्’ म्हणजे सुताराचे आहे. लाकूड तासणारा प्रत्येक जण सुतार म्हणविला जात नाही. क्रिया आणि नाव यांच्यामध्ये समाज उभा असतो, एवढी गोष्ट यास्काच्या उत्तरात अध्याहृत आहे. ‘जॉर्ज’ या नावाच्या सुमारे दीड हजार वर्षांच्या प्रवासात तीच वारंवार पाहावयास मिळते.

‘जॉर्ज’चे मूळ ग्रीक ‘गेओर्गोस’ या शब्दात आहे. ‘गे’ म्हणजे भूमी आणि ‘एर्गोन’ म्हणजे काम. भूमीत काम करणारा तो गेओर्गोस, म्हणजे शेतकरी. भारतीय शब्दशक्तिविचाराच्या परिभाषेत हा शुद्ध यौगिक शब्द होय : अवयवांचा अर्थ कळला की शब्दाचा अर्थ कळला. हा शब्द ग्रीकांत सन्मानाचा होता. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘शांती’ या नाटकात गुहेत गाडलेल्या शांतिदेवतेला दोर लावून अखेर बाहेर काढतात ते गेओर्गोसच. मिनँडरचे ‘गेओर्गोस’ याच नावाचे एक नाटक होते. त्याचा काही भाग पपायरसवर सापडून १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अथेन्समध्ये झ्यूसचीही या विशेषणाने पूजा होत असे. खेडवळ, अडाणी या अर्थाने हेटाळणीसाठी ग्रीकांजवळ ‘आग्रोइकोस’ हा वेगळा शब्द होता आणि थिओफ्रास्टसने रेखाटलेल्या स्वभावचित्रांत तोच येतो.

असे असूनही अभिजात काळातील ग्रीक बाप मुलाचे नाव शेतकरी ठेवण्याच्या फंदात पडलेला सहसा दिसत नाही. अ‍ॅरिस्टोफेनिसच्याच ‘मेघ’ या नाटकातील बारशाचा तंटा या संदर्भात फार बोलका आहे. स्ट्रेप्सियाडिस हा खेड्यातला शेतकरी. बायको शहरातल्या बड्या घराण्यातली. तिला मुलाच्या नावात ‘हिप्पोस’, म्हणजे घोडा, हवा आहे, कारण घोडा ही सरदारांची खूण. बापाला आजोबांचे, काटकसर सुचविणारे नाव हवे आहे. अखेर तडजोड होऊन मुलगा ‘फेइडिप्पिडिस’ होतो : अर्धी काटकसर, अर्धा घोडा. या सबंध भांडणात शेतकऱ्यालासुद्धा ‘शेतकरी’ हे नाव सुचत नाही, ही बाब मनात ठेवण्यासारखी आहे. शब्द सन्माननीय असणे वेगळे आणि तो आपल्या मुलाच्या कपाळी लिहिणे वेगळे.

नाव म्हणून ‘गेओर्गिओस’ मोठ्या प्रमाणावर प्रचारात आले ते ख्रिस्ती काळात. यामागे नव्या करारातील रूपके असावीत असे मानावयास जागा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला ‘गेओर्गोस’ म्हणतो. प्रचलित मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘माळी’ हा शब्द आला आहे; म्हणजे ग्रीक संहितेतील व्यवसायवाचक शब्द मराठीत येताना जातिवाचकही झाला आहे, आणि हा भाषांतराचा दोष नसून मराठी समाजरचनेचा ठसा आहे. पण त्याच नव्या करारात द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात मालकाच्या मुलाला ठार मारणारे खंडकरीही ‘गेओर्गोई’च आहेत. ईश्वर शेतकरी आणि ईश्वरपुत्राचे मारेकरीही शेतकरी, अशा दुहेरी रूपकाचा हा शब्द वारस आहे. नाव ठेवणाऱ्यांनी अर्थातच पहिले रूपक उचलले.

ज्या संताने हे नाव जगभर नेले त्याच्या कथेत नांगर कोठेच नाही. परंपरेनुसार जॉर्ज हा कॅपाडोशियाशी संबंध असलेला रोमन सैनिक. डायोक्लीशनच्या छळात तो हुतात्मा झाला, आणि पॅलेस्टाइनमधील लिड्डा येथे त्याचे स्थान मानले जाते. सीरियातील एझ्रा येथील त्याच्या नावाच्या चर्चवर इसवी सन ५१५ चा शिलालेख आहे. राक्षसी सर्पाला मारण्याची कथा त्याला कित्येक शतकांनी चिकटली. या संताची ओळख इतकी धूसर आहे की, एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासात त्याला इ. स. ३६१ मध्ये जमावाने मारलेल्या अलेक्झांड्रियाच्या जॉर्ज नावाच्या बिशपाशी एकरूप ठरविले. हा बिशप सैन्याला डुकराचे मांस पुरविणारा कंत्राटदार होता आणि कापड धुणाऱ्या-खळणाऱ्याच्या दुकानात जन्मला, असे गिबन चवीने सांगतो. पुढील संशोधकांनी हे समीकरण नाकारले. पण इंग्लंडच्या रक्षणकर्त्याला कंत्राटदार ठरविण्यात गिबनला झालेला आनंद त्याच्या गद्यात लपत नाही.

सैनिकाला शेतकऱ्याचे नाव का, हा पेच मध्ययुगीन भाष्यकारांपुढे उभा राहणे अपरिहार्य होते. तेराव्या शतकात याकोबुस द व्होराजिने याने संकलित केलेल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रसंग्रहात प्रत्येक चरित्राच्या आरंभी नावाची व्युत्पत्ती देण्याची प्रथा आहे. जॉर्जच्या बाबतीत तो एकाहून अधिक व्युत्पत्ती देतो. त्यांतील पहिली भूमी कसणारा ही आहे. मात्र लगेच तो जोडतो की ही भूमी म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. देहाला शेत मानण्याची ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला ‘क्षेत्र’ म्हटले आहे आणि ज्ञानेश्वरांनी त्या कल्पनेचा मोठा विस्तार केला आहे. पण व्होराजिनेच्या हातात या रूपकाचे कार्य निराळे आहे. शेतकरी या शब्दाचा अर्थ तो मान्य करतो आणि त्याच वाक्यात खऱ्या शेतकऱ्याला संहितेबाहेर काढतो. शेत उरले, माती गेली. व्युत्पत्ती अर्थ जागा करते असे सामान्यतः मानले जाते. येथे ती अर्थ निजविण्याचे साधन झाली आहे.

विल्यम कॅक्स्टनने हा ग्रंथ १४८३ मध्ये इंग्रजीत छापला आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी एडमंड स्पेन्सरने या व्युत्पत्तीला पुन्हा माती दिली. ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्याच्या पहिल्या तीन सर्गग्रंथांचे प्रकाशन १५९० मध्ये झाले. पहिल्या ग्रंथाचा नायक रेडक्रॉस नाइट. आपण कोण, हे त्याला दहाव्या सर्गापर्यंत ठाऊक नाही. तेथे डोंगरावर एक वृद्ध तपस्वी त्याला त्याचा जन्म सांगतो : अप्सरेने पळविलेले हे मूल तिने नांगराच्या तासात लपवून ठेवले, औत हाकणाऱ्या नांगऱ्याला ते सापडले, त्याने ते वाढविले आणि त्याचे नाव ‘गेओर्गोस’ ठेवले. स्पेन्सर येथे इंग्रजी रूप न वापरता ग्रीक रूपच योजतो. वाचकाने व्युत्पत्ती ऐकावी अशी त्याची इच्छा आहे, आणि ग्रीक जाणणाऱ्या दरबारी वाचकाला ती ऐकू येणार याची त्याला खात्री आहे.

तासात सापडलेले मूल म्हटले की मराठी वाचकाला जनकाचा नांगर आणि सीता आठवणार. ‘सीता’ या शब्दाचा अर्थच नांगराचा तास. एट्रुस्कन परंपरेतही टॅजिस हा दिव्य बालक नांगरटीच्या वेळी मातीतून प्रकटल्याची कथा आहे. या साम्यावरून कोण कोणाकडून शिकले याचा शोध घेण्याचे कारण नाही. कृषिसमाजांना सुचणारी ही कल्पना आहे. भेद अधिक उद्बोधक आहे. सीता राजाला सापडते आणि तिचे नाव भूमीचे राहते. शेवटी ती भूमीतच परत जाते. स्पेन्सरचा गेओर्गोस नांगऱ्याला सापडतो, पण तपस्वी त्याला लगोलग सांगतो की तू मूळचा सॅक्सन राजांच्या रक्ताचा आहेस. कवितेच्या आरंभीच्या योजनेविषयी रॅलेला लिहिलेल्या पत्रात स्पेन्सरने याच नायकाचे वर्णन दरबारात येऊन जमिनीवर बसलेला, गावंढळ दिसणारा तरुण असे केले आहे, आणि चिलखत चढविताच तो सर्वांत देखणा दिसू लागतो. शेतकऱ्याचे नाव हे त्याच्या अंगावरचे तात्पुरते वस्त्र आहे. ते शोभते, कारण त्याखाली राजरक्त आहे.

हा कवी स्वतः व्यवसायवाचक नावाचा धनी होता, ही गोष्ट येथे गमतीची वाटते. ‘स्पेन्सर’ म्हणजे कोठारातून शिधा काढून देणारा कारभारी. मराठीतले कोठावळे किंवा कोठारी. गंमत येथेच संपते. आयर्लंडमधील मन्स्टर प्रांतात, डेस्मंडच्या बंडानंतर जप्त झालेल्या जमिनींपैकी सुमारे तीन हजार एकरांची जहागीर स्पेन्सरला मिळाली होती आणि किलकोमन येथील त्या जहागिरीत राहून त्याने या काव्याचा मोठा भाग सिद्ध केला. नांगऱ्याच्या हातून आपल्या नायकाचे बारसे करविणारा कवी ज्या भूमीवर बसला होता तिची मालकी अशा जप्तीतून आलेली होती. ही माहिती कवितेचा अर्थ बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी नांगऱ्याला त्या सर्गात किती ओळी मिळाल्या हे मोजून पाहावे. मूल उचलणे, वाढविणे आणि नाव ठेवणे एवढ्यापुरताच तो येतो, आणि नाहीसा होतो.

आतापर्यंतचा प्रवास ग्रंथांतला, ग्रीक-लॅटिन जाणणाऱ्यांचा आहे. पण ज्यांना एक अक्षरही ग्रीक येत नव्हते, अशा कोट्यवधी शेतकऱ्यांच्या जीवनात हे नाव पंचांगाच्या वाटेने शिरले. संत जॉर्जचा सण २३ एप्रिलला येतो. पूर्व युरोपात हा काळ गुरे प्रथम चरावयास बाहेर काढण्याचा, आणि त्यामुळे रशियात ‘युरी’ किंवा ‘येगोर’ या नावाने हा संत गुराढोरांचा राखणदार झाला. रशियात त्याचा दुसरा सण शरदात, जुन्या पंचांगानुसार २६ नोव्हेंबरला येतो. पिके घरात आलेली, देणी चुकती झालेली. १४९७ च्या कायदेसंहितेने असे ठरविले की शेतकऱ्याला आपल्या जमीनदाराला सोडून दुसरीकडे जावयाचे असेल तर त्याने ते या दिवसाच्या आधीच्या एका आठवड्यात आणि नंतरच्या एका आठवड्यात करावे. वर्षाच्या बावन्न आठवड्यांतले हे दोन आठवडे रशियन कुणब्याच्या स्वातंत्र्याचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एकेका वर्षापुरती बंदी घालत हा हक्क काढून घेण्यात आला, आणि १६४९ च्या संहितेने भूदासत्व कायमचे केले. या घटनेची आठवण रशियन भाषेत एका म्हणीच्या रूपाने राहिली : आशा दाखवून फसवणूक झाली की आजीला उद्देशून ‘हा घे तुझा युरीचा दिवस’ असे म्हणतात. पुश्किनच्या ‘बोरिस गोदुनोव’ (१८२५) या नाटकात सरदारांच्या खाजगी बोलण्यात युरीचा दिवस रद्द होण्याची चर्चा येते, ती याच इतिहासाची.

शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचा दिवस आणि ‘शेतकरी’ या अर्थाचे नाव यांची ही गाठ व्युत्पत्तीने घातलेली नाही. ती हवामानाने, सुगीने आणि कायद्याने घातली. तरीही ज्याला दोन्ही ठाऊक आहेत अशा लेखकाला ती गाठ वापरता येते. बोरिस पास्तरनाकच्या ‘डॉक्टर झिवागो’ (१९५७) या कादंबरीचा नायक युरी आहे. क्रांतीच्या धामधुमीत तो कुटुंबासह वारिकिनो या दूरच्या ठिकाणी जाऊन जमीन कसतो, बटाटे पिकवितो आणि त्या श्रमांविषयी रोजनिशीत लिहितो. पुढे त्याच ठिकाणी, बाहेर लांडगे ओरडत असता, तो सर्पाशी लढणाऱ्या स्वाराची कविता लिहितो. नावाच्या दोन परंपरा, नांगराची आणि भाल्याची, एकाच घराच्या छपराखाली आल्या आहेत. पास्तरनाकने हे मुद्दाम केले असेल का, हा प्रश्न येथे गौण ठरतो. रशियन वाचकाच्या कानात युरी या नावाला दोन्ही स्वर होते, हे पुरेसे आहे.

फ्रान्समध्येही हे नाव खेड्याकडे झुकले आहे. मोलिएरच्या ‘जॉर्ज दांदँ’ (१६६८) या प्रहसनाचा नायक पैसेवाला शेतकरी आहे. कर्जबाजारी सरदार घराण्यातली मुलगी पैशाच्या बळावर त्याने केली, आणि आता सासू-सासरे त्याला पदोपदी त्याची जागा दाखवून देतात. लग्नाबरोबर त्याला आडनावाचा एक भारदस्त अवतारही मिळालेला आहे. पहिले नाव मात्र जॉर्जच राहते आणि सबंध नाटकभर तो स्वतःला त्याच नावाने हाक मारून स्वतःची कीव करतो. प्रेक्षागृहातील दरबाऱ्यांना यासाठी ग्रीक येण्याची गरज नव्हती.

या उदाहरणाला पुष्टी मिळते ती एका लेखिकेच्या साक्षीने. ऑरोर द्युपँ हिने १८३२ मध्ये ‘इंदियाना’ ही कादंबरी प्रसिद्ध करताना सँड हे आडनाव घेतले. ते ज्युल सांदो या सहलेखकाच्या नावाचा तुकडा होता. पहिल्या नावाविषयी तिने आत्मचरित्रात स्पष्टीकरण दिले आहे. जॉर्ज हे नाव आपण फारसा विचार न करता घेतले, कारण ते आपल्याला बेरी प्रांतातल्या माणसाशी समानार्थी वाटले, असे ती सांगते. बेरी हा तिचा प्रांत. तेथील शेतकऱ्यांच्या बोलीवर आणि रीतींवर तिने पुढे ‘ला मार ओ दियाब्ल’ (१८४६) सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. ‘समानार्थी’ हा तिचा शब्द मोलाचा आहे. मिलच्या उपपत्तीत विशेषनामाला समानार्थी शब्द असूच शकत नाही. व्युत्पत्तिवाद्यांच्या मते जॉर्जचा समानार्थी शब्द ‘शेतकरी’ असावयास हवा. सँडने सांगितलेला समानार्थी शब्द एका विशिष्ट प्रांतातल्या विशिष्ट माणसाचा आहे, आणि तो कोशात नव्हे, गावच्या वाटेवर ऐकलेला आहे. नावाचा अर्थ प्रचारातून घडतो याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

इंग्लंडमध्ये प्रचाराने नेमकी उलटी दिशा घेतली. सुमारे १३४८ मध्ये तिसऱ्या एडवर्डने गार्टर या सरदारसंघाची स्थापना करून संत जॉर्जला त्याचा रक्षणकर्ता केले; त्यामुळे संत मोठा झाला, पण मुलांना हे नाव देण्याची चाल अठराव्या शतकापर्यंत बेताचीच होती. १७१४ मध्ये हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला, त्याच्यामागून आणखी तीन जॉर्ज आले आणि नाव देशभर पसरले. प्रजा आता राजाचे नाव ठेवीत होती. शेतकरी हा अर्थ या पसाऱ्यात बुडून जावयाचा, पण तिसऱ्या जॉर्जने (राज्यकाल १७६०–१८२०) तो अनपेक्षितपणे वर आणला. या राजाला शेतीचा खरा नाद होता आणि लोकांनी त्याला ‘फार्मर जॉर्ज’ हे टोपणनाव दिले. व्यंगचित्रकार गिलरेने त्याची यथेच्छ टिंगल केली. ज्या लोकांनी हे टोपणनाव दिले त्यांतील बहुतेकांना आपण एकच शब्द दोनदा उच्चारीत आहोत, ‘शेतकरी शेतकरी’ म्हणत आहोत, याची जाणीव नसावी. त्याहून विलक्षण गोष्ट राजाने स्वतः केली. आर्थर यंगच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ या नियतकालिकात १७८७ मध्ये त्याने शेतीविषयी पत्रे लिहिली, ती राल्फ रॉबिन्सन या नावाने. हे नाव विंडसर येथील त्याच्या मेंढपाळाचे होते. शेतकरी म्हणून लिहिता यावे यासाठी ज्याने दुसऱ्याचे नाव उसने घेतले, त्याचे स्वतःचे नावच शेतकरी होते. रूढीने योगावर मिळविलेला एवढा पूर्ण विजय अन्यत्र क्वचितच आढळेल.

हा केवळ शब्दांचा विनोद म्हणून सोडून देता येत नाही. तिसऱ्या जॉर्जच्याच राजवटीत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामाईक कुरणे आणि मोकळी राने खाजगी कुंपणात घातली. लहान शेतकरी मजूर झाला, मजूर शहराकडे गेला. राजाला शेतकरी म्हणून कौतुकाने हाक मारली जात असता शेतकरी नाहीसा होत होता. बायरनने ‘द व्हिजन ऑफ जजमेंट’ (१८२२) या उपहासकाव्यात मृत राजाविषयी निकाल दिला तो असा की, त्याच्याहून चांगला शेतकरी आणि त्याच्याहून वाईट राजा झाला नाही. बायरनचे पाळण्यातले नावही जॉर्जच होते, पण तो लॉर्ड होता आणि त्याला या नावाने कोणी ओळखत नाही.

मेरी अ‍ॅन इव्हान्सने १८५७ मध्ये जॉर्ज एलियट हे नाव घेतले तेव्हा तिच्या मनात ना नांगर होता ना राजा. जॉर्ज हे तिच्या सहचराचे, जॉर्ज हेन्री ल्यूइसचे नाव, आणि एलियट तोंडभरून उच्चारता येणारे, असे साधे कारण तिने दिले. ती एका जमीन-कारभाऱ्याची मुलगी, तिची पहिली मोठी कादंबरी ‘अ‍ॅडम बीड’ (१८५९) खेड्याची, आणि ‘अ‍ॅडम’ या हिब्रू नावाचा संबंध मातीशी लावला जातो : व्युत्पत्तीच्या आहारी जाणाऱ्या समीक्षकाला येथे मोठी मेजवानी आहे. ती नाकारावयास हवी. लेखिकेने नाव निवडले ते प्रेमाने, आणि प्रेमाला कोशाची गरज नसते.

हीच कसोटी भारतातील जॉर्जनाही लावावी लागते. केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजात हे नाव इंग्रजांच्या आधीपासून आहे. ते ग्रीकातून सीरियाक ‘गीवर्गीस’ या रूपाने आले आणि मल्याळममध्ये गीवर्गीस, वर्गीस, वर्की अशी त्याची रूपे झाली. गुजरातच्या दूध-उत्पादकांची सहकारी चळवळ उभारणारे व्हर्गीस कुरियन (१९२१–२०१२) या नावाचे आहेत. नाव सार्थ झाले, असे म्हणण्याचा मोह पडतो. पण नामसिद्धिजातकातला ‘पापक’ नावाचा शिष्य चांगल्या नावाच्या शोधात हिंडला तेव्हा त्याला जीवक मेलेला, धनपाली दरिद्री आणि पंथक वाट चुकलेला आढळला, आणि तो आपले जुनेच नाव घेऊन परतला. जेथे नाव जुळते तेवढीच उदाहरणे मोजणारा अभ्यासक या शिष्याइतकाही हिंडलेला नसतो.

मराठी समाजात व्यवसाय बसला तो बहुधा आडनावावर : जोशी, कुलकर्णी, कोठावळे. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे; फुलांच्या धंद्यामुळे ते फुले झाले, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याच्या सहीत तो धंदा कायम राहिला. पाळण्यातले नाव व्यवसायवाचक असेल तर ते देवाच्या वाटेने आलेले असते. ‘गोपाळ’ म्हणजे गुराखी. गोपाळ गणेश आगरकर किंवा गोपाळ कृष्ण गोखले हे नाव उच्चारताना कोणाच्याही डोळ्यांपुढे गुरे येत नाहीत, कारण मध्ये कृष्ण उभा आहे. ‘पंकज’ शब्दाप्रमाणे हे नाव योगरूढ आहे. चिखलात जन्मणारे सारे काही पंकज नव्हे, तसा गुरे राखणारा प्रत्येक जण गोपाळ नव्हे. खऱ्या गुराख्याला त्याच्या धंद्याच्या नावाने हाक मारली गेली तर ते त्याची पायरी सांगणे ठरते, आणि ब्राह्मण कुटुंबात तेच नाव भक्ती ठरते. संत जॉर्जने युरोपात जे कार्य केले ते येथे कृष्णाने केले आहे.

ब्रिटिश अमलात ‘जॉर्ज’ मराठी मुलखात आला तो राजाच्या नावाने. मुंबईच्या कोटात अठराव्या शतकात बांधलेल्या फोर्ट जॉर्जची आठवण तेथील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या नावात उरली आहे, आणि अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया १९११ मध्ये उतरलेल्या पाचव्या जॉर्जचे स्मारक म्हणून १९२४ मध्ये उघडले गेले. मराठी पाठ्यपुस्तकांनी या बादशहाला ‘पंचम जॉर्ज’ केले; संस्कृत क्रमवाचकाने नावाभोवती दरबार आणखी गडद झाला. त्याचा वाढदिवस ३ जूनला येत असे. १९३० मध्ये मंगळूर येथील एका कॅथलिक घरात त्याच तारखेला मुलगा जन्मला. बादशहाविषयी आदर असलेल्या आईने त्याचे नाव जॉर्ज ठेवले. हा मुलगा मुंबईत येऊन गोदी आणि महापालिका कामगारांचा पुढारी झाला, १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना त्याने हरविले आणि १९७४ चा रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप त्याच्या नेतृत्वाखाली झाला. जॉर्ज फर्नांडिस (१९३०–२०१९) यांना मुंबईत ‘जॉर्ज’ एवढ्याच नावाने ओळखत. हे नाव आईच्या कानाला राजाचे होते, संपावरच्या कामगाराच्या कानाला आपल्या माणसाचे होते, आणि एकदा शहर ठप्प होऊ लागल्यावर लोकांनी त्याला जी पदवी लावली ती पुन्हा ‘बंदसम्राट’ ही होती.